शून्याचा रकाना

भोंगा वाजला तेव्हा माझ्या हातातला काटा बशीत पडला. खिडकीची काच थरथरत होती. ताईनं एका हातानं टेबलाची कड धरली आणि दुसरा हात पोटावर ठेवला. बाहेर रेंगाळलेले दाजी धावत आत आले.

"काय झालं? काय झालं?"

आम्हा तिघांखेरीज कॅफेतल्या कुणीही मान वर केली नव्हती. दहा-बारा माणसं होती, टोप्या घातलेली, उन्हावाऱ्यानं रापलेली. सगळी आपापल्या बशीत बघून जेवत होती.

"बारा वाजले," व्हर्ना म्हणाली. कॅफे तिचाच होता. वय सत्तरीच्या आसपास, हातात कॉफीचं भांडं, कानामागे पेन्सिल. "रोज वाजतो. भोंगा चालू आहे हे गावाला कळतं आणि जेवायला घरी यायचंय हे नवऱ्यांना कळतं."

ताई हसली. मी घड्याळ पाहिलं. बाराला अजून सहा सेकंद होते.

या गोष्टीला सात वर्षं झाली. मार्चमधला शेवटचा शनिवार होता. गाव ऑर्लिस, राज्य नेब्रास्का, वस्ती आठशे चाळीस. मी चोवीस वर्षांचा होतो. डिसेंबरात आयोवामध्ये संख्याशास्त्रात एम.एस. संपवलं होतं आणि जगातली कुठलीही गोष्ट रकान्यांत बसवता येते यावर माझा विश्वास होता.

ताई म्हणजे माझी मोठी बहीण कल्याणी. ती डॉक्टर. तिचं प्रशिक्षण जूनमध्ये संपत होतं. तिच्यासारख्या बाहेरून शिकायला आलेल्या डॉक्टरला पुढे इथेच राहायचं असेल, तर जिथे डॉक्टर मिळत नाहीत अशा भागात तीन वर्षं काम करावं लागतं. मध्येच सोडून जाता येत नाही. तिला दोन ठिकाणांहून बोलावणं होतं. एक हे ऑर्लिस. दुसरं इथून उत्तरेला साठ मैलांवर, राज्याची हद्द ओलांडून, साउथ डकोटातलं हॅडली. उत्तर सोमवारी दुपारपर्यंत द्यायचं होतं. ताईला पाचवा महिना होता. जे बाळ येणार होतं ते या दोनपैकी एका गावात रांगणार होतं.

"सोम्या, तूच सांग बाबा," असं ती मला फोनवर म्हणाली होती. "मला नकाशावर दोन्हीकडे नुसतं गवत दिसतंय."

म्हणून मी तीन आठवडे खपून बेचाळीस रकान्यांचा तक्ता केला होता. घरभाडं, शाळा, थंडीचे दिवस, इंटरनेटचा वेग, रस्त्यावरचे अपघात, सगळं. प्रत्येक रकान्याला वजन दिलं होतं.

दाजी अजून बसले नव्हते. त्यांच्या हातात एक किल्ली होती, लाल दोरी बांधलेली.

"बाहेर पिवळी पिकअप उभी आहे बघा, मागं पाण्याची टाकी अन् पंप. काच खाली, किल्ली आत लटकतीय. कुणीतरी विसरलाय. आमचा टँकर असाच गेला होता. ड्रायव्हर चहाला उतरला, परत येतोय तर टँकर गायब. करमाळ्याला सापडला, चाकं काढलेली."

"मग द्या ना ज्याची त्याला," ताई म्हणाली.

"कुणाची ते विचारतो की."

दाजींचं नाव हणमंत. बार्शीला त्यांचं पंप दुरुस्तीचं दुकान होतं आणि वडिलांचे पाण्याचे दोन टँकर. ताईला अमेरिकेत जागा मिळाली तसं दुकान भावाच्या हवाली करून ते आले. तीन वर्षं त्यांनी एका गोदामात खोकी रचली. आता ताईचा व्हिसा बदलला की तेही बंद होणार होतं. पुढची तीन वर्षं त्यांना पगाराचं कुठलंही काम करता येणार नव्हतं. याबद्दल ते एकदाच बोलले होते, तेही हसत: "चला, भाकऱ्या तरी गोल यायला लागतील."

ते इतर टेबलांकडे वळून उभे राहिले आणि त्यांचे ओठ हलू लागले. त्यांचं इंग्रजी वाईट नव्हतं, पण तोंड उघडण्याआधी ते अख्खं वाक्य मनात जुळवून घेत.

तेवढ्यात मी म्हणालो, "दाजी, एक मिनिट. आधी हे बघा. जेवण झालं की विचारू."

हे वाक्य माझं होतं, हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवतो.

दाजींनी किल्ली जाकिटाच्या खिशात टाकली आणि बसले. मी लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला.

"साउथ डकोटा त्रेसष्ट पूर्णांक एक. नेब्रास्का साठ पूर्णांक चार. म्हणजे हॅडली."

"झालं? बास?" ताई म्हणाली. "अजून हॅडलीचं तोंड नाही पाहिलं आपण."

"उद्या पाहूच. पण पाहून काय कळतं? पाहिलं की एखादं झाड आवडतं आणि माणूस फसतो. हे बघ, तिकडे राज्याचा आयकर नाही. बाळंतपणाची सोय असलेलं हॉस्पिटल हॅडलीहून चाळीस मैल, इथून नव्वद. आणि सगळ्यात मोठा फरक या रकान्यानं पडलाय. हजार वस्तीमागे आग आणि अ‍ॅम्ब्युलन्सचे कर्मचारी. तिथे दोन पूर्णांक एक. इथे शून्य."

"शून्य म्हणजे?"

"म्हणजे कुणी नाही."

ताईनं पोटावरून हात फिरवला. "नव्वद मैल," ती हळू म्हणाली. "आणि अ‍ॅम्ब्युलन्सला माणूस नाही."

"हॅडलीला काय, शेती का गुरं?" दाजींनी विचारलं.

"तो रकाना नाही, दाजी."

"असू दे."

ते खिडकीबाहेर बघत बसले. बाहेर वारा होता. सकाळपासून तसाच होता, एका दिशेनं, न थांबता. गावाच्या शेवटच्या घरापलीकडे वाळूच्या टेकड्या सुरू होत आणि त्या प्रत्येक टेकडीवर गेल्या वर्षीचं गवत उभं होतं, वाळलेलं, गव्हाळ. क्षितिजापर्यंत झाड नव्हतं. सगळा प्रदेश एखाद्या प्रचंड जनावराच्या पाठीसारखा, केस एकाच बाजूला पडलेले. येताना तीन तास आम्ही त्यातून आलो होतो.

जेवण संपत आलं. दाजी हात धुवायला मागे गेले.

बारा वाजून बावीस मिनिटांनी भोंगा पुन्हा वाजला.

मी घड्याळाकडे बघून हसलो. हसणारा मी एकटाच होतो. दहा-बारा खुर्च्या एकदम मागे सरकल्या. कुणी ओरडलं नाही, कुणी कुणाला काही सांगितलं नाही. अर्धे खाल्लेले पदार्थ, वाफा येणारे कप, कुणाचा तरी वाचायचा चष्मा, सगळं टेबलांवर तसंच. व्हर्नानं शेगडी बंद केली. चौदा सेकंदांत कॅफे रिकामा झाला. मी मोजले होते, सवयीनं.

ताई आणि मी दारात आलो. वायव्येला धूर होता. वर न चढता वाऱ्यानं आडवा झालेला, तपकिरी. माणसं आपापल्या गाड्यांकडे पळत होती. काही जण दोन गल्ल्या पलीकडच्या पत्र्याच्या शेडकडे गेले आणि तिथून एक मोठी लाल गाडी बाहेर पडली. पिवळ्या पिकअपमध्ये एक उंच म्हातारा चढला. पुन्हा खाली उतरला. सीटखाली हात घातला. काचेवरची झडप खाली ओढली, राखदाणी उघडली, मग गुडघे टेकून गाडीखाली बघू लागला.

"लाइल! काय झालं?" कुणीतरी लांबून विचारलं.

"किल्ली नाही!"

किल्ली कुठे आहे ते मला माहीत होतं. पाय मात्र जागचे हलेनात. तो माणूस पायऱ्यांवरून आत आला, त्यानं गल्ल्यामागे बघितलं, व्हर्नाला विचारलं, पुन्हा बाहेर गेला, आणि तेव्हा कुठे मी पळत जाऊन मागचं दार बडवलं.

"दाजी! किल्ली! किल्ली द्या!"

दाजी ओल्या हातांनी बाहेर आले. एक क्षण त्यांना काही कळलं नाही. मग त्यांचा हात खिशाकडे गेला.

भोंगा वाजल्यापासून पाच मिनिटं झाली होती. एरवी ती गाडी एका मिनिटात निघते, असं मला नंतर सांगण्यात आलं. म्हणजे चार मिनिटं आमची.

दाजींनी किल्ली पुढे केली. "मी काढली. चोरीला जाईल म्हणून."

लाइलनं किल्लीकडे पाहिलं, मग दाजींकडे. त्याचे डोळे फिकट निळे होते आणि त्यांत राग होता की नुसती घाई, ते मला ओळखता आलं नाही.

"असा वारा असला की ही गाडी मी इथे उभी करतो, किल्ली आत," तो म्हणाला. "जो पहिला पोचेल तो निघतो. एकोणतीस वर्षं." मग त्यानं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. सगळे गेले होते. "माझा चालवणारा मोठ्या गाडीबरोबर गेला. मला मागे पंपावर उभं राहायचंय. तुला ही चालवता येईल?"

"पाण्याचा टँकर चालवलाय," दाजी म्हणाले, वाक्य न जुळवता. "अकरा वर्षं."

"टाकी अर्धी झाल्यावर गाडी कशी वागते?"

"आपण वळतो. पाणी सरळ जातं."

लाइल मागे चढला. "चल मग."

"अहो!" ताई ओरडली. पण पिकअप वळून गेलीही होती, तिच्या टाकीतलं पाणी पत्र्यावर आदळल्याचा आवाज तेवढा ऐकू आला.

व्हर्ना पावाच्या लाद्या आणि मांसाचे काप खोक्यात भरून तिच्या गाडीत टाकत होती. "तू डॉक्टर ना?" तिनं ताईला विचारलं. "बस गाडीत. तुझी पेटी घे. आणि तू, लांबुळक्या, ती पाण्याच्या बाटल्यांची पेटी उचल."

सहा मैलांवर एका टेकडीवर तिनं गाडी थांबवली. मी उतरलो आणि जे पाहिलं त्याचं वर्णन मला आजही नीट करता येत नाही.

आगीची रेषा दीड-दोन मैल लांब होती. मी समजत होतो तशा उंच ज्वाळा नव्हत्या. लांबून ती नारिंगी दोऱ्यासारखी दिसत होती. दोऱ्याच्या एका बाजूला गव्हाळ रंग, दुसऱ्या बाजूला काळा, आणि तो दोरा चालत होता. टेकडी चढताना वेग घेत होता, उतरताना जरा रेंगाळत होता. आवाज मोठं कापड सावकाश फाडत न्यावं तसा. मला भीती वाटायला हवी होती. त्याऐवजी मी बराच वेळ श्वास घ्यायचा विसरलो.

व्हर्नाच्या गाडीत बिनतारी संच होता. त्यातून तुटक वाक्यं येत होती. एक मला कळलं: "रस्ता ओलांडला. पुन्हा सांगतो, रस्ता ओलांडला."

"कुठला रस्ता?" मी विचारलं.

"तो मातीचा, खालचा. तिथे अडवतात नेहमी." व्हर्नाचे ओठ आवळले गेले. "जराशासाठी निसटली."

मी गणित केलं. करायला नको होतं, पण झालं. वारा, उतार, वाळलेलं गवत, आगीचा वेग ताशी सहा-सात मैल. चार मिनिटांत जवळजवळ अर्धा मैल. रस्त्यापासून आग तेवढीच पुढे होती. त्या अर्ध्या मैलात गवताचे गोल गठ्ठे रचून ठेवले होते, शंभराच्या वर, आणि ते एकामागून एक पेटत होते.

"कुणाचं आहे ते?" ताईनं विचारलं.

"जोअ‍ॅन क्रॅट्झचं."

ताईनं माझ्याकडे पाहिलं नाही. ती पिवळी पिकअप शोधत होती. आणि ती सापडली, काळ्या बाजूनं रेषेला लागून चाललेली, मागे लाइल पाण्याचा फवारा धरून उभा. दाजी सरळ चालवत होते. वाऱ्यानं धूर खाली दाबला आणि गाडी दिसेनाशी झाली.

मी घड्याळ लावलं. एक मिनिट. दोन. ताईची बोटं माझ्या दंडात रुतली. तीन मिनिटं चाळीस सेकंदांनी पिवळा पत्रा धुराच्या दुसऱ्या टोकाला बाहेर आला, त्याच वेगानं, रेषेपासून तेवढ्याच अंतरावर.

"कळशीतलं पाणी न सांडता चालावं तसं चालवतायत," ताई म्हणाली.

तेव्हा माझं लक्ष धुळीकडे गेलं.

चारही बाजूंनी धूळ येत होती. प्रत्येक धुळीच्या पुढे एक गाडी. पिकअपवर टाक्या, ट्रेलरवर टाक्या, काहींवर तर नुसती प्लॅस्टिकची पिंपं बांधलेली. ट्रॅक्टर आले, मागे तव्यांचा नांगर, आणि आगीच्या पुढे जाऊन जमिनीवर उघड्या मातीचे पट्टे ओढू लागले. मी मोजायला लागलो. अकरा. एकोणीस. चौतीस. कुणी एकमेकांशी बोलायला थांबत नव्हतं. येणारी प्रत्येक गाडी रेषा बघत होती, रेषेत जिथे भोक होतं तिथे जाऊन बसत होती. वरून ते इतकं शांत दिसत होतं की वाटावं, या सगळ्यांनी कधीतरी एकत्र बसून याची तालीम केली असेल.

व्हर्नाकडे दुर्बीण होती. मी उत्तरेकडून आलेल्या गाड्यांवर धरली.

"या साउथ डकोटाच्या पाट्या आहेत," मी म्हणालो. "तेरा गाड्या. यांना कुणी बोलावलं?"

"बोलावलं?" व्हर्ना पावाला लोणी लावत होती. "धूर दिसला असेल."

"पण हे दुसरं राज्य आहे ना?"

"ती हद्द तिकडे कुठेतरी आहे, त्या कुंपणाच्या आसपास. मला नक्की नाही सांगता यायचं. हे धर, पन्नास करायचेत."

मी पाव धरला. माझ्या डोक्यात एक गोष्ट हळूहळू उलटी होत होती.

"व्हर्ना, या लोकांना पगार किती मिळतो?"

"कुणाला?"

"आग विझवणाऱ्यांना. अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यांना."

तिनं सुरी थांबवली आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी विचारलं होतं की जेवताना तोंडात घास घालायचा पगार किती. "पगार कसला? वर्षातून एकदा आम्ही गावाला पॅनकेकची न्याहारी घालतो. त्या पैशांत टायर आणि नळ्या."

"मग कर्मचारी किती?"

"कर्मचारी एकही नाही." ती पुन्हा लोणी लावू लागली. "सगळं गाव आहे."

शून्य. सरकारी यादीत पगारी माणसं मोजलेली होती. आकडा बरोबर होता. मी तो रकाना पुन्हा पुन्हा तपासला होता आणि आकडा प्रत्येक वेळी बरोबर होता.

थोड्या वेळानं एक अ‍ॅम्ब्युलन्स टेकडी चढून आली. चालवत होता शाळेतला गणिताचा शिक्षक, मागे पोस्टातली बाई, आणि त्यांच्यामध्ये हात भाजलेला एक जण. ताई उठली. तिनं पाण्याची बाटली मागितली, कात्री मागितली, आणि पोस्टातल्या बाईनं ती मागायच्या आधी पट्टी उघडून धरली होती. दोघींनी मिळून ते काम केलं, एकमेकींची नावंही न विचारता.

चार वाजून दहा मिनिटांनी आगीची दोन्ही टोकं एकमेकांकडे सरकत सरकत एका ओढ्याशी आली. शेवटचा नारिंगी ठिपका दिसत होता, मग नव्हता. मोजदाद एकसष्ट गाड्यांवर थांबली होती. आवाज बंद झाला आणि वारा तेवढा राहिला. त्या प्रचंड काळ्या पट्ट्याच्या कडेनं माणसं उभी होती, एवढीएवढीशी, टोप्या काढून कपाळ पुसत. मी शास्त्र शिकलो होतो. इतकी माणसं, इतक्या मैलांवरून, आज्ञेवाचून एका रेषेवर कशी येतात याचं समीकरण मला कुणी शिकवलं नव्हतं.

सगळे व्हर्नाच्या गाडीभोवती जमले. दाजी आले तेव्हा दात आणि डोळे सोडून सगळे काळे होते. ताईनं त्यांना आधी डोक्यापासून पायापर्यंत तपासलं, मग दंडावर एक चापट मारली.

"सांगून जायची पद्धत आहे का काही?"

"वेळ कुठं होता?" दाजी म्हणाले. पण ते तिच्याकडे बघत नव्हते. साठीची एक बुटकी बाई गाडीच्या बोनेटला टेकून पाव खात होती. भुवया जळालेल्या. ती जोअ‍ॅन क्रॅट्झ होती. तिच्या गवताचे गठ्ठे खाली अजून धुमसत होते.

दाजींचे ओठ हलू लागले. मला कळलं ते काय जुळवतायत.

"दाजी, मी सांगतो," मी मराठीत म्हणालो. "मीच तुम्हाला बसवलं होतं."

"किल्ली कुणाच्या खिशात होती, मेव्हणे?"

ते तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. "गाडीची किल्ली मी काढली होती," ते म्हणाले. आजूबाजूचं बोलणं थांबलं. "मला वाटलं कुणी विसरलं. चार मिनिटं माझ्यामुळे गेली. तुमचं गवत माझ्यामुळे गेलं."

जोअ‍ॅननं घास पूर्ण चावला, गिळला. तिनं लाइलकडे पाहिलं. लाइल जमिनीकडे बघत होता.

"त्यानं किल्ली काढली," ती म्हणाली, "आणि तू त्यालाच चालवायला बसवलंस?"

"दुसरं होतं कोण?" लाइल म्हणाला. "आणि चांगली चालवतो. तुझ्या नवऱ्यापेक्षा, वेनपेक्षा चांगली."

"वेनपेक्षा माझी गायही चांगली चालवते." कुणीतरी हसलं. जोअ‍ॅन दाजींकडे वळली. "या लाइलनं ही गाडी एकदा चर्चसमोर उभी केली होती. ब्रेक न लावता. ओढ्यातून काढायला दोन ट्रॅक्टर लागले."

"ब्रेक लावला होता," लाइल म्हणाला. "वीस वर्षं सांगतोय."

आता बरेच जण हसले. जोअ‍ॅन हसली नाही. तिनं दाजींचे हात पाहिले, पालथे, उलथे, जसं गुरांच्या बाजारात बघावं तसे.

"कुंपण गेलंय माझं, मैलभर," ती म्हणाली. "माणसं लागतील. उद्या, चर्च सुटल्यावर. अकराला."

"येतो," दाजी म्हणाले.

एवढंच झालं. माफी कुणी मागितली नाही की दिली नाही. ती पुन्हा पाव खाऊ लागली आणि कुणीतरी दाजींच्या हातात कॉफीचा कप दिला.

व्हर्नानं आम्हाला कॅफेपाशी सोडलं आणि आम्ही आमच्या गाडीनं मुक्कामाला निघालो. मग मी म्हणालो, "उद्या अकराला आपण हॅडलीत असणार होतो. दवाखान्याच्या लोकांनी वेळ दिलीय."

"तुम्ही दोघं जाऊन या," दाजी म्हणाले. "मी थांबतो. येताना मला घ्या."

ताईनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि थांबवली. तिनं स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत.

"अहो, एक विचारू?" ती म्हणाली. "तुम्हाला कुठं राहायचंय?"

मी मागच्या सीटवर होतो. मांडीवर लॅपटॉप. मला एकदम जाणवलं की तीन आठवड्यांत, बेचाळीस रकाने भरताना, हा प्रश्न मी त्यांना एकदाही विचारला नव्हता. तिनंही नाही. जो माणूस त्या गावात तीन वर्षं सकाळपासून संध्याकाळपर्यंत असणार होता, त्याच्यासाठी माझ्या तक्त्यात जागा नव्हती.

दाजी खिडकीतून लांबच्या काळ्या टेकड्यांकडे बघत होते. नखांतली राख काढत होते.

"मला अकराला बोलावलंय," ते म्हणाले.

ताईनं स्टिअरिंगवरचे हात काढले. मग तिनं फोन काढला आणि हॅडलीला निरोप पाठवला की उद्या येता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी कुंपणाच्या कामावर चाळीस माणसं होती. मी खांब धरायचं काम केलं आणि वाईट केलं. सोमवारी सकाळी नऊ वाजता ताईनं ऑर्लिसच्या कागदावर सही केली.

ईरा जुलैच्या अखेरीस जन्मली. हॉस्पिटलच्या नव्वद मैलांतले साठ झाले होते तेव्हा, अ‍ॅम्ब्युलन्समध्येच; गणिताचा शिक्षक चालवत होता आणि पोस्टातली बाई ताईचा हात धरून बसली होती. तीन वर्षांची अट कधीच संपली. ती तिघं अजून तिथेच आहेत.

त्या यादीचे नवे आकडे दर वर्षी निघतात. मी आता अशा आकड्यांचंच काम करतो, त्यामुळे ते माझ्या टेबलावर येतात. ऑर्लिसपुढे त्या रकान्यात आजही शून्य आहे. मी दर वर्षी तिथे थांबतो. या शून्यात व्हर्ना आहे, लाइल आहे, जोअ‍ॅन आहे आणि साडेसहा वर्षं झाली, दाजीही आहेत.

गेल्या मार्चमध्ये गेलो होतो. वारा होता. कॅफेसमोर पिवळी पिकअप उभी होती, काच खाली, लाल दोरी हलत होती. मी माझी भाड्याची गाडी तिच्या शेजारी लावली, उतरलो आणि किल्लीवरचं कुलपाचं बटण दाबलं. गाडीनं पीं केलं.

कॅफेचं दार उघडं होतं. आतून दाजींचा आवाज आला, मराठीत: "आले वाटतं मेव्हणे."

आत सगळे हसले. त्यांना मराठी येत नाही, पण तो आवाज कशाचा ते त्या गावात सगळ्यांना कळतं.

मी मागे वळलो, गाडी उघडली, किल्ली कप ठेवायच्या खाचेत टाकली, काच खाली केली आणि आत गेलो.